चौथ्या ब्राऊनमागची पांदण

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना वस्ती संपली की डाव्या हाताला एक मुरमाड माळ लागतो. त्या माळावर इंग्रजांच्या वेळेपासून गोल्फ खेळत. गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवळ येते. आमच्या मैदानावर हिरवळ फक्त पावसाळ्यात असे, आणि तेव्हा चिखलामुळे खेळ बंद असे. बाकी वर्षभर मुरूम, कुसळी गवत आणि बोरीची झुडपं. भोकं सहा. प्रत्येक भोकाभोवती वाफ्यासारखी गोल जागा केलेली, तिच्यात बारीक रेती आणि जिनिंगच्या इंजिनातलं जळकं तेल कालवून पसरलेलं. तिला ब्राऊन म्हणत. मुरमावर पडलेला चेंडू फरशीवर पडल्यासारखा उडतो आणि पळत सुटतो. ब्राऊनवर तो सरळ वरून पडला, तर मात्र जागीच बसतो.

चौथं भोक सगळ्यांत आखूड होतं. मारायच्या खांबापासून ब्राऊनपर्यंत अंतर ऐंशी यार्ड. जमीन ब्राऊनच्या पलीकडे उतरती, चाळीस फुटांत एक फूट. आणि त्या उतारावर, ब्राऊनच्या अगदी पाठीशी, आमच्या वस्तीची पांदण.

ही पांदण म्हणजे बैलगाडीच्या रुंदीची वाट. वस्तीपासून निघून ती नाल्याकाठच्या मसणवट्यात जाते. आधी काय होतं, मैदान की पांदण, हे मला ठाऊक नाही. तेवढा जुना नकाशा माझ्या पाहण्यात आला नाही. पण आमचे आजेपणजे त्याच वाटेनं गेले, एवढं घरोघरी माहीत होतं. वाटेच्या मध्यावर, चौथ्या ब्राऊनच्या बरोबर मागं, एक सपाट काळा दगड आहे. तो विसावा. प्रेत तिथं खाली टेकवायचं, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या, मग पुढे निघायचं. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या वस्तीतले पुष्कळ जुने विधी सुटले. विसावाही सोडावा असं काही तरुण मंडळी म्हणू लागली. माझी माय तेव्हा म्हणाली होती, "धम्म घेतला म्हनून खांदे का लोखंडाचे झाले? थकते मानूस. थकला त टेकवन." विसावा राहिला.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. वय चाळिशीला आलेलं. क्लबचे अध्यक्ष म्हणजे आमच्याच खात्याचे मोठे साहेब. पुण्याकडचे, तोडून बोलणारे, पण मनानं सरळ. मैदानाच्या देखभालीचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. ब्राऊनची रेती बदलणं, खांब रंगवणं, झुडपं तोडून घेणं. पुढे एकदा त्यांच्या जोडीला चौथा माणूस मिळेना. म्हणाले, "ओव्हरसियर, उभे काय राहता, काठी घ्या." अशा रीतीनं मी खेळू लागलो. आमच्या समाजातला मी त्या मैदानावर खेळणारा पहिलाच. हे कोणी मला बोलून दाखवलं नाही, पण मला ते कधी विसरताही आलं नाही.

चौथ्या भोकावर सगळे एकच फटका मारत. चेंडू बुटका, जमिनीलगत मारायचा, ब्राऊनच्या बराच अलीकडे मुरमावर पाडायचा आणि पळत वर चढू द्यायचा. अंदाज बरोबर आला तर चेंडू भोकाजवळ थांबे. जरा जोर जास्त झाला की तो ब्राऊन ओलांडून उताराला लागे आणि पांदणीत जाई. मग खेळणारा तिथं जाऊन चेंडू घेऊन येई. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. मलाही वाटलं नव्हतं.

एका माघ महिन्यात माझे काका वारले. वडिलांचे धाकटे भाऊ. खांदेकऱ्यांत मी पुढे होतो. आम्ही दगडाशी पोचलो, तिरडी टेकवली, जागा बदलू लागलो. इतक्यात ब्राऊनवरून एक चेंडू घरंगळत आला, पांदणीच्या चाकोरीत शिरला, आणि काकांच्या उशाशी, तिरडीच्या बांबूला लागून थांबला. आवाज झाला तो अगदी लहानसा. पण आम्ही सगळ्यांनी तो ऐकला.

वर खांबाजवळ खाजगी दवाखाना चालवणारे एक डॉक्टर उभे होते. चेंडू त्यांचा. आम्ही त्यांना झुडपांआड दिसलोच नव्हतो. दिसल्याबरोबर त्यांनी टोपी काढली. त्यांनी मुद्दाम काही केलं असं नव्हे. ते नेहमीसारखे खेळत होते. वस्तीतल्या एका म्हाताऱ्या पंचांनी तो चेंडू उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"घे बाबू," ते म्हणाले. "तुह्या लोकायचा हाय."

काकांना माती देताना तो चेंडू माझ्या खिशात होता.

पुढच्या आठवड्यात क्लबच्या कमिटीत हा विषय निघाला. डॉक्टरांनीच काढला, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यावर एक वकील म्हणाले, पांदण नाल्याच्या अंगानं वळवावी, म्हणजे कुणालाच त्रास नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ओव्हरसियर, वळवली तर किती वाढेल?"

"मैलभर, साहेब. आणि पावसाळ्यात नाल्याला पाणी असतं. खांद्यावर प्रेत घेऊन उतरता येणार नाही."

"मग? भोक तर हलवता येत नाही. दुसरीकडे जागा नाही."

मी म्हणालो, "चेंडू उंच मारून वरून ब्राऊनवर पाडला, तर तो पळणार नाही. पांदणीपर्यंत जाण्याचा प्रश्नच उरत नाही."

वकील हसले. "या मुरमावरून? निब्लिकच्या काठीनं? अहो, हिरवळीवर मारतात तसे फटके. इथं काठी दगडावर आपटते."

"शिकता येईल," मी म्हणालो. शिकता येईल की नाही हे मला माहीत नव्हतं.

 साहेब म्हणाले, "हिवाळ्यातल्या सामन्यापर्यंत पांदण आहे तशी राहू दे. त्या दिवशी तुम्ही चौथ्यावर मारून दाखवा. थांबला चेंडू, तर बोलू. नाही थांबला, तर वळवू. कबूल?"

मी कबूल म्हणालो. घरी येऊन मायला सांगितलं. ती तेव्हा बाजेवरून फारशी उठत नव्हती. दम लागे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुह्या बापाले त्या दगडावर टेकवलं व्हतं. मले बी तेथीच टेकवा. नाल्यातून नेऊ नका, पान्यात मले भेव वाटते." मग थोड्या वेळानं, "त्या चेंडूच्या भरवशावर हाय का आता माह्यी वाट?"

मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलायचं?

क्लबच्या कपाटात एक जुनी निब्लिक पडली होती. लाकडी दांड्याची काठी. लोखंडी तोंड इतकं मागं कललेलं की जमिनीवर ठेवली तर आभाळाकडे पाहते. साहेबांच्या परवानगीनं ती मी घरी आणली. घरामागं आमचा एक पडीक तुकडा होता, मुरूम मैदानावरच्यासारखाच. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी तिथं चेंडू मारू लागलो.

मी आकडे मांडणारा माणूस. आधी काठीच्या तोंडाचा कोन मोजला. चेंडू किती अंशांत निघेल, किती उंच जाईल, किती अंतरावर पडेल, हे बसवलं. कागदावर सगळं जुळलं. जमिनीवर काहीच जुळेना. चेंडू वर जावा म्हणून मी त्याच्या खाली काठी घालून उचलायला जाई. काठी चेंडूच्या अलीकडेच मुरमावर आपटे, टणकन् उसळे, आणि तिची धार चेंडूच्या पोटावर बसे. मग चेंडू गुडघ्याच्या उंचीनं सुसाट जाई. कधी कुंपणाच्या तुराट्यांत, कधी शेजारच्या गोठ्यात. हिरवळीवर अशी चूक थोडीफार झाकली जाते म्हणतात. मुरूम काही झाकत नाही.

माझी बायको दारातून पाहत असे. "अजी, वावर खनून राह्यले का? त सांगा, वांगे लावतो."

माय बाजेवरून विचारी, "काहून मारतं त्या मुरमाले? त्यानं काय केलं तुह्यं?"

फाल्गुन गेला, चैत्र गेला. खांदा दुखू लागला. दांडा एकदा चिरला, तो सुतळीनं आवळून घेतला. ऐंशी यार्डांवर मी पोत्याची एक घडी टाकून ठेवली होती. तिच्यावर एकही चेंडू पडला नाही. साहेब कामावर भेटले की विचारत, "काय ओव्हरसियर, कुठवर?" मी म्हणे, "चालू आहे." ते पुढे विचारत नसत.

वैशाखात आम्ही घराची कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायला काढली. दरवर्षीचं काम. जुनी कवेलू उतरवायची, फुटलेली वेगळी करायची, बाकीची पुन्हा बसवायची. माझा साळा छपरावर बसला होता, मी खालून एकेक कवेलू वर फेकत होतो. सकाळी निब्लिक फिरवून हात आखडलेले. मनगटानं झटका देऊन मी फेकत होतो. कवेलू गिरक्या घेत जाई आणि साळ्याच्या हातावर फटकन् बसे. तीनचार हातून सुटून फुटली.

तो वरून ओरडला, "भाऊजी, कवेलू देऊन राह्यले का टोला मारून राह्यले? दात हायेत अजून माह्ये, ते त ठेवा!"

बायको खालून म्हणाली, "त्यायले आता सगळंच चेंडू दिसते."

मी थांबलो. हे काम मी लहानपणापासून केलेलं. वडील छपरावर आणि मी खाली. तेव्हा कवेलू कसं जाई, ते हाताला आठवत होतं. मीच मध्ये येत होतो. मनगट सैल सोडलं, खांद्यापासून हात झोक्यासारखा मागं नेला आणि तसाच पुढं येऊ दिला. कवेलू सरळ, न फिरता, वर गेलं. साळ्याच्या हातापाशी पोचलं तेव्हा त्याच्यातला जोर संपला होता. क्षणभर ते हवेत उभं राहिलं, आणि त्यानं ते नुसतं घेतलं. आवाजसुद्धा झाला नाही.

"हां, आता कसं!" तो म्हणाला.

जमिनीवरचा माणूस कवेलू छपरापर्यंत ढकलत नाही. झोका तेवढाच घ्यायचा, की जिथं पोचायचं तिथंच त्याचा जोर संपेल. मी हे लिहितो आहे तितकं स्पष्ट तेव्हा मनात आलं असेल असं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी चेंडू उचलायचं सोडून दिलं. काठीचं तोंड कललेलं आहे; वर चढवणं हे त्याचं काम. मी वजन डाव्या पायावर ठेवलं, मनगट मेल्यासारखं ठेवलं, आणि काठी खाली येऊ दिली, आधी चेंडूवर, मग मुरमावर. चेंडू वर गेला. इतका वर, की मी मान मागं टाकून पाहिलं. खाली आला तो पोत्याच्या बराच अलीकडे, पण पडल्यावर फक्त एक उडी घेऊन थांबला.

माय बाजेवर उठून बसली होती. तिनं विचारलं, "हाच का तो?"

"हाच, माय."

"मंग पोचव आता."

पावसाळ्यात काही करता आलं नाही. मग शरदात पुन्हा सुरुवात केली. झोका कुठवर नेला की किती यार्ड, हे हळूहळू हातात बसलं. दिवाळीपर्यंत दहांतले सहा-सात चेंडू पोत्याच्या आसपास पडू लागले. मायचा दम मात्र वाढत गेला. ती आता चेंडूबद्दल विचारत नसे. एवढंच विचारी, "वाट हाय ना?"

सामन्याच्या दिवशी चौथ्या खांबाजवळ सगळे जमले. पांदणीवर कोणी नाही, हे मी स्वतः जाऊन पाहून आलो. निब्लिक घेतली. झोका सैल घेतला. चेंडू बोरीच्या झुडपांवरून गेला, उन्हात दिसेनासा झाला, आणि ब्राऊनवर धप्प पडला. भोकापासून दोन हातांवर. रेतीत त्याचा खळगा उमटला होता. त्यातून तो बाहेरही आला नाही.

वकिलांनी टाळी वाजवली. ती मनापासून होती.

साहेब म्हणाले, "डॉक्टर, आता तुम्ही. ओव्हरसियरचीच काठी घ्या."

डॉक्टरांनी चेंडू मारला. काठी मुरमावर आपटली. चेंडू बुटका गेला, ब्राऊनवरून सरळ पार, उताराला लागला आणि पांदण ओलांडून पलीकडच्या तुरीत गेला. मग वकिलांनी मारला. तेच झालं, फक्त चेंडू विसाव्याच्या दगडाला लागून परत आला.

 साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शिकलात, ओव्हरसियर. क्लब शिकला नाही."

 दहा महिने मी माझ्या एकट्याच्या हाताचा हिशेब मांडत होतो. पूल बांधताना मी मजुरांना सांगत असे की पुलावरून हलकी सायकल जाते म्हणून पूल चांगला ठरत नाही. सगळ्यांत जड गाडी जाईल तो पूल. इथं मी सायकल नेऊन दाखवली होती. माय घरी वाट पाहत होती, आणि मला तिला काय सांगावं ते कळेना.

मी म्हणालो, "साहेब, बरोबर आहे. माझ्या एका चेंडूनं पांदण राखली जाणार नाही. ज्याला हा फटका येत नाही, त्याच्यासाठी काही करावं लागेल."

"काय?"

मनात आलं ते बोललो. "त्यानं मारूच नये. चेंडू हातात घेऊन ब्राऊनपर्यंत चालत जावं, काठावर ठेवावा, आणि एक फटका जास्त मोजावा."

"हातानं?" वकील म्हणाले. "मग तो गोल्फ कसला?"

साहेबही तेच म्हणतील असं मला वाटलं. ते पांदणीकडे पाहत होते. तेवढ्यात डॉक्टर पुढं आले. त्या कमिटीनंतर या विषयावर त्यांनी माझ्याशी एक शब्द काढला नव्हता. ते म्हणाले, "मला चालेल. मी चालत जाईन. त्या दिवशी चेंडू कुठं जाऊन थांबला, ते मी पाहिलंय."

साहेबांनी मान हलवली. "चौथ्याचा नियम. उंच मारा, नाहीतर उचलून न्या. आणि पांदणीवर माणसं दिसली तर कोणी काहीच करायचं नाही. संपलं. पाचव्याकडे चला."

घरी आलो तेव्हा माय जागी होती. "वाट राह्यली, माय," मी म्हणालो.

"पोचला का?"

"माझा पोचला. बाकीचे हातानं नेतील."

तिला त्यातलं किती समजलं, सांगता येत नाही. म्हणाली, "हातानंच न्यावं. चांगलं असते."

ती माघात गेली. काकांना जाऊन वर्ष झालं होतं. त्रिशरण, पंचशील घेऊन आम्ही तिला उचललं. फार हलकी झाली होती. पांदणीला लागलो तेव्हा मला चौथ्या भोकावर चार माणसं दिसली. त्यांनी काठ्या जमिनीवर ठेवल्या. डॉक्टरांच्या हातात चेंडू होता. ब्राऊनकडे निघालेले, ते अर्ध्या वाटेवर तसेच उभे राहिले. आम्ही मायला दगडावर टेकवलं. खांदे बदलले. त्या वेळात माळावर वाऱ्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. काकांच्या वेळचे तेच म्हातारे पंच माझ्या शेजारी होते. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला पुढची जागा दिली. "उचल बाबू," म्हणाले. आम्ही तिला उचललं आणि नाल्याच्या अलीकडे, वडिलांच्या शेजारी, माती दिली.

मी नंतरही पुष्कळ वर्षं खेळलो. दुसऱ्या भोकावर आणि शेवटच्या भोकावर मी तो उंच फटका मारतो. तो मला अजून येतो, आणि येतो याचा आनंदही होतो. साहेबांची बदली झाली, नवे लोक आले. त्यांतले काही मला विचारतात, सगळ्या क्लबात हा फटका तुम्हालाच येतो, मग चौथ्यावर तुम्ही चेंडू हातात घेऊन का चालता?

मी चालत जातो, दगडाकडे एकदा पाहतो, चेंडू ब्राऊनच्या काठावर ठेवतो आणि एक फटका जास्त मोजतो.